अकराव्या प्रकरणाच्या टाचण्या

निकिताच्या हातात कोणतंही पुस्तक पडायच्या आधी ते मी वाचते. जी पानं तिच्यासाठी नको वाटतात ती एकत्र धरून वर एक आणि खाली एक अशा दोन टाचण्या लावते. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, यावर म्हणतात, "वर्षा, तू पोरीले मेथी निवडून देते तसं पुस्तक निवडून देते." म्हणोत. निकिता दहा वर्षांची आहे, तिचे पप्पा, गणेश, फौजेत आहेत, आणि मे महिन्यात अकरा दिवस गणेशचा फोन बंद होता तेव्हा या पोरीनं गणिताच्या वहीत रोज एक रेघ ओढली होती. बाराव्या दिवशी फोन आला. ती वही मी कपाटात वर ठेवलीय. तिच्यासमोर काढत नाही.

म्हणून हे पुस्तक घरात आणताना मी दहादा विचार केला. वाशीमला माझ्या जुन्या कॉलेजनं ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं रद्दीत काढली होती, त्यात ते मिळालं. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. मुलांची कादंबरी. कुठल्यातरी दूरच्या देशात लढाई चालू असते. शहरावर बॉम्ब पडतात म्हणून मुलांना रेल्वेत बसवून डोंगरातल्या गावी पाठवून देतात, प्रत्येकाच्या कोटाला नावपत्त्याची चिठ्ठी लावून. त्यात लीना नावाची मुलगी आणि तोमास नावाचा मुलगा एकाच परक्या घरात येऊन पडतात आणि त्यांची दोस्ती होते. लीनाची आई लढाईच्या दवाखान्यात नर्स. तिची पत्रं येतात, पण त्यातलं गावाचं नाव दरवेळी कात्रीनं कापून काढलेलं असतं. दवाखाना कुठे आहे हे कोणाला कळू नये म्हणून.

अकराव्या प्रकरणात पत्रं थांबतात. पहिल्याच पानावर लीना वर्तमानपत्रात एका पडक्या दवाखान्याचा फोटो बघते. मी तिथंच थांबले. प्रकरण संपेपर्यंतची सोळा पानं एकत्र धरली आणि टाचण्या लावल्या. बारावं प्रकरण उघडून पाहिलं तर लीना सफरचंदाच्या झाडावर चढून हसत होती. चला, म्हटलं, पोरगी ठीक आहे. मधलं काय झालं ते मी पाहिलंच नाही.

पुस्तक निकितानं एकटीनं वाचलं नाही. मंजूबरोबर वाचलं.

मंजू पाचवीत निकिताच्याच बाकावर बसते. आमच्या शिरपूर गावाबाहेरच्या तांड्यावरून रोज पायी येते. दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यात थेट बघायची सवय. जुलैमध्ये निकिताच्या डोक्यात उवा सापडल्या तेव्हा मी मनात पहिलं नाव कोणाचं घेतलं ते सांगत नाही. नंतर कळलं, वर्गातल्या बारा जणींच्या डोक्यात उवा होत्या आणि मंजूच्या नव्हत्या.

शाळा सुटली की दोघी आमच्या ओट्यावर बसायच्या. मी आत खिडकीशी तांदूळ निवडत. कान अर्थातच बाहेर.

"माह्या पप्पाच्या पत्त्यात गावच नाई," निकिता एकदा सांगत होती. "नाव, नंबर, पलटण, अन् मंग छप्पन एपीओ. बस."

"छप्पन नावाचं गाव हाये का?"

"गाव नाई व. फौजेचा नंबर हाये."

"मंग चिठ्ठी पोचते कशी?"

"पोचते."

मंजूनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "माह्या याडीच्या पत्त्यात तं नंबरबी नाई."

याडी म्हणजे आई. मंजूची आई हिरीबाई आणि बाप बाबूसिंग दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याला परततात. तांड्यावरून गाडी भरते. कोणत्या कारखान्यावर जायचं ते मुकादम ठरवतो, आणि अर्ध्यात टोळी दुसरीकडे वळवली तरी घरी कोणी सांगत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात बाबूसिंगचा फोन उसाच्या गाडीच्या चाकाखाली आला. तेव्हापासून पाडव्यापर्यंत काही खबर नाही. मंजूच्या आजीनं मुकादमाला फोन लावला की तो म्हणायचा, "हायेत ना, मजेत हायेत," आणि ठेवून द्यायचा. कुठं मजेत आहेत, ते नाही.

यंदा हिरीबाईच्या कडेवर सात महिन्यांचा अमरदीप होता. ती उसाच्या फडात असताना त्याला धरायला कोणीतरी पाहिजे, तर मंजूला घेऊन जा, असं घरातले सगळे म्हणत होते. एकटी हिरीबाई म्हणत होती, शाळेत राहू द्या. मी एकदा मंजूलाच विचारलं, तुला काय पाहिजे?

"मले शाळा पाह्यजे काकू," ती म्हणाली. "पण याडी कोठी हाये हे मालूम नसलं तं मले फळ्यावरचं दिसतच नाई."

 मे महिन्यात मलाही भाजीतलं मीठ कळत नव्हतं.

दिवाळीच्या आधी माझ्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. आधी टाचण्यांची डबी हलकी झाली. मग निकिताचे प्रश्न. भाकरी खाता खाता, "मम्मी, पोस्टाचा शिक्का कोण मारते?" अंघोळीला जाता जाता, "मम्मी, शिक्का गावोगावचा येगळा रायते का?" नाटकाच्या वेशभूषेसाठी विचारावं तसं, सहज, पण उत्तर मिळेपर्यंत दारात उभी.

"कायले पाह्यजे तुले?"

"असंच."

असंच म्हणणाऱ्या लेकरावर मी डोळा ठेवते.

मग पोस्टातली सुकेशनी भेटली. सुकेशनी आमच्या पोस्टात काम करते, टपालही तीच वाटते, स्कूटीवर. भाजीच्या दुकानात मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या निकितानं आठ पोस्टकार्डं नेली. माह्याजोळ होती तेवढी सगळी. आजकाल कोणी नेतच नाई. शाळेचा प्रकल्प हाये का?"

"असेल," मी म्हटलं आणि घरी येऊन सरळ ते पुस्तक काढलं.

टाचण्या जागेवर होत्या. पण मी टाचणी नेहमी डावीकडून घालते, डोकं डावीकडे राहतं. या दोन्हींची डोकी उजवीकडे. आणि माझ्या जुन्या भोकांच्या शेजारी नवी दोन भोकं.

म्हणजे वाचलं होतं. सोळाच्या सोळा पानं. आणि वाचून कोणी रडलं नव्हतं, कोणी रात्री उठून माझ्या अंथरुणात आलं नव्हतं. उलट दोघी जणी कधी नव्हत्या एवढ्या कामात होत्या. काय होतं त्या पानांत? हात टाचणीपर्यंत गेला होता माझा. पण खरं सांगते, तो पडक्या दवाखान्याचा फोटो मला परत बघायचा नव्हता. ज्या पानाची भीती मी पोरीसाठी म्हणून टाचून ठेवली होती ती माझीच होती, हे तेव्हा मला नीट कळलं नाही. पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं आणि ठरवलं, विचारायचं नाही. बघायचं.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी गाडी निघणार होती. सकाळी निकिता म्हणाली, "मी मंजूले भेटून येतो." तिच्या फ्रॉकचा खिसा फुगलेला. मी म्हटलं, चल, मीच सोडते स्कूटीवर. तिचं तोंड जरासं पडलं, पण नाही म्हणता येईना.

तांड्याच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता. वर खाटा, पिठाच्या थैल्या, पाण्याचे ड्रम, टोपल्यात कोंबड्या, पोत्यात गुंडाळलेले कोयते. हिरीबाईला मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. माझ्याच वयाची असेल, एकोणतीस-तीस. कडेवर अमरदीप, आणि मंजू तिच्या खांद्यापाशी चवड्यांवर उभी राहून काहीतरी करत होती. मी पुढे गेले. मंजू आईच्या पदराला चिठ्ठी लावत होती. माझ्या टाचण्यांनी.

वहीच्या पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर निळ्या स्केचपेननं: "हिरीबाई बाबूसिंग राठोड. ही बाई मंजूची आई आहे. हरवल्यास खालील पत्त्यावर कळवावे."

"मी का बकरी हाये व, चिठ्ठी लटकवाले?" हिरीबाई हसत होती, पण हलत नव्हती, टाचणी टोचू नये म्हणून.

"लीनाच्या कोटाले होती," मंजू म्हणाली.

"ते कोन लीना?"

"पुस्तकातली. ती जाऊन राह्यली होती म्हून तिले लावली. इथं तू जाऊन राह्यली. म्हून तुले."

ट्रकवर चढलेले दोघं-तिघं हसायला लागले. "आमालेबी लाव व मंजे, वापस येतानी उपयोगी पडन!"

निकितानं खिशातून कापडी पिशवी काढली. पिशवीत पोस्टकार्डं, आठ. दोघींनी हिरीबाईला समजावलं. एका पुनवेला एक, एका अमावस्येला एक. लाल डबा दिसला की त्यात टाकायचं.

"अन् लिहू काय? मले येते का लिहिता?"

"लिहेल हाये सगळं. तू नुसती टाकजो."

"मंग मी कोठी हाये ते तुले कसं समजन?"

"शिक्का!" दोघी एकदम म्हणाल्या. मग मंजू एकटी, "ज्या गावच्या डब्यात टाकशील तिथलं पोस्ट त्याच्यावर शिक्का मारते. शिक्क्यात गावाचं नाव रायते. लीनाच्या आईच्या चिठ्ठीतलं गाव कापलं ना, पण पाकिटावरचा शिक्का कोणी कापलाच नाई. तोमासनं पाह्यलं ते. अकराव्या धड्या..." आणि माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली.

निकिता आपल्या चपलांकडे बघत होती.  सोळा पानांत हे होतं तर.

एक कार्ड हातात घेऊन पत्ता वाचला. "मंजू बाबूसिंग राठोड, द्वारा सौ. वर्षाराणी गणेश इंगोले, शिरपूर जैन, जि. वाशीम."

"माझं नाव?"

"तांड्यावर टपाल येते कधी, नाई कधी," मंजू म्हणाली. "निकितानं सांगतलं का मम्मीले चालते."

चालतं का ते मम्मीला आत्ता कळत होतं. पण हिरीबाई माझ्याकडे बघत होती, अमरदीपच्या डोक्यावरून. "बाई, तुमच्या घरी येईन ना ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "येईल. मी रोज बघते."

मंजूचं गाठोडं तोवर ट्रकवर चढलेलं होतं. पोरगी राहणार असं हिरीबाईनं सांगितलं तसा मंजूचा काका सेवालाल ते खाली उतरवायला पुढे झाला. उतरवून त्यानं ते तिच्या हातात दिलं नाही, धरून ठेवलं. "आयक मंजू. माही गाडी कपाशीची पहिली वेचणी झाल्यावर निघते. वीस तारखेले. तोवर तुह्या याडीचं गाव समजलं तं तू रायजो आजीजोळ, शाळा शिक. नाई समजलं तं माह्या गाडीत बसाचं. मुकादमाच्या अड्ड्यावर उतरू, अन् विचारत विचारत जाऊ. लेकराले धराले कोणी पाह्यजे तिले."

"मंजूर," मंजू म्हणाली.

"मंग रडाचं नाई."

"तुमी रडसान काका. तुमचं गाठोडं उचलाले मी नाई येणार."

ट्रक निघाला. हिरीबाईनं हात हलवला नाही. एक हात लेकराला होता आणि दुसरा पदराच्या चिठ्ठीवर.

शाळा उघडली. कार्तिकातली पौर्णिमा पाच नोव्हेंबरला झाली. त्यानंतर रोज अकराच्या सुमाराला मी ओट्यावर. सुकेशनी लांबूनच मान हलवायची. आठ तारीख, नाही. बारा तारीख, नाही. चौदाला बालदिनाचा कार्यक्रम झाला, मंजूनं गोष्ट सांगितली, पहिला नंबर आला. बक्षिसाचा कंपास घेऊन ती आमच्याकडे आली आणि कार्यक्रमाचं काही न सांगता विचारलं, "आलं का काकू?"

"उद्या येईल."

"तुमी रोज उद्या म्हणता."

गणेशचा फोन आला की तोही आधी तेच विचारायचा. जेवलीस का, आई कशी आहे, हे मागून. "आमच्या इथले चौघंजण वाट बघून राह्यले," म्हणाला. "एक पंजाबी आहे, तो म्हणतो, शिक्का पुसट आला तर?" मला त्या पंजाब्याचा राग आला. हा विचार मी पंधरा दिवस स्वतःपासून लपवून ठेवला होता.

सासूबाईंना वाटायचं मी वाढवून ठेवलंय. "पोरगी आपल्या मायजोळ जाईन, याच्यात वाईट काय हाये?"

"शाळा सुटेल आई तिची. पाचवीत सुटली की परत कोण बसवतं?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांची स्वतःची चौथीत सुटली होती.

वीस तारखेला सकाळी दहा वाजता मंजू गाठोडं घेऊनच आली. कंपास निकिताला द्यायला, आणि पुस्तक आणि निकिताची एक रिबिन परत करायला. निकितानं शाळेत जायचं नाकारलं होतं, मीही जोर केला नाही. दोघी ओट्यावर बसल्या. पुस्तक मध्ये. कोणी उघडेना.

"काका साडेअकराले फाट्यावर येते," मंजू म्हणाली. "मले घ्याले."

"कंपास ठेव तू. तुहाच हाये."

"तिथी काय करू कंपासचं? ऊस मोजू का?"

सव्वाअकराला सुकेशनीची स्कूटी वळली. आज तिनं मान हलवली नाही. थेट ओट्यापाशी आली, थैलीत हात घातला आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरून कोणी निवडणुकीले उभं हाये का? एका दिवसात इतकं टपाल!"

आठ. आठच्या आठ कार्डं, एकाच दिवशी, एकाच थैलीत.

 मग निकिता ओरडली, "सगळे एकदाच टाकले!"

मंजूनं कार्डं हातात घेतली. प्रत्येकावर तिचंच अक्षर होतं. मी वाकून पाहिलं. आठही कार्डांवर वेगवेगळं लिहिलेलं. म्हणजे आईनं सगळ्या हंगामात काय काय कळवलं असतं ते या पोरीनं दिवाळीआधीच बसून लिहून ठेवलं होतं. स्वतःच स्वतःला.

"मंजू, आमी पोचलो. अमरदीपले गाडी लागली नाई."

"इकडं थंडी लय हाये. पण गोधडी पुरते."

"तुही परीक्षा झाली असन. गणितात किती पडले?"

"अमरदीप बसाले लागला. आता उभा राहीन."

"बापूच्या हाताले कोयता लागला होता. आता बरं हाये. तू भेऊ नको."

हे पाचवं कार्ड मी दोनदा वाचलं. मागच्या वर्षी बाबूसिंगला खरंच लागला होता म्हणे, म्हणून तिनं तेही धरून ठेवलं होतं, आणि लगेच बरंही करून टाकलं होतं. माझ्या हाती आधी आलं असतं तर मी त्याला टाचणी लावली असती.

शेवटचं सासूबाईंनी मोठ्यानं वाचलं, अक्षरं जुळवत, "आमी... निघालो. दार लावू नोको." आणि चष्म्यावरून वर बघून म्हणाल्या, "म्हंजे वापस याऊन राह्यले का ते?"

"नाई व आजी! ते पाडव्याचं कार्ड हाये!" निकितानं कपाळाला हात लावला.

मंजू हसली नाही. ती कार्डं उलटसुलट करून शिक्के बघत होती. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. पहिल्यावर नुसतं काळं वर्तुळ. दुसऱ्यावर तारीख आणि खाली शाईचा फराटा. पंजाबी बरोबर होता.

फाट्याकडून मोटरसायकल आली. सेवालाल. "चाल मंजू, गाडी उभी हाये." मग आमची तोंडं बघून, "काय झालं?"

"कार्डं आली काका."

"वा! कोठून आली?"

मंजूनं कार्डं पुढे केली. सेवालालनं एक कार्ड उचललं, उन्हात धरलं, डोळे बारीक केले. "अबे, याच्यात तं काहीच दिसत नाई." तो वाईट माणूस नव्हता. त्याचा आवाज उतरला. "पोरी, आपलं काय ठरलं होतं? गाव समजलं तं."

"थांबा काका," मंजू म्हणाली. "पाच मिनिट."

तिनं आठही कार्डं ओट्यावर ओळीनं मांडली, शिक्के एका रेषेत येतील अशी. "तोमासजोळ एकच पाकीट होतं," ती निकिताला म्हणाली. "आपल्याजोळ आठ हायेत."

आणि मग मी पाहिलं ते विसरणार नाही. प्रत्येक शिक्का फसला होता, पण प्रत्येक वेगळ्या ठिकाणी. कुठे हात डावीकडे दाबला गेला होता, कुठे उजवीकडे, कुठे शाई संपत आली होती. निकितानं शाळेची वही उघडली. मंजू बोट ठेवून सांगत गेली. तिसऱ्यावर वरच्या कडेला "नां". पाचव्यावर मधेच एक "र". सहाव्यावर "रवा". सातव्यावर शेवटी "डी", स्पष्ट. सासूबाईंनी आपला चष्मा काढून दिला, तो मंजूनं भिंगासारखा धरला. चौथ्यावर "नां" च्या पुढे काहीतरी.

"थ हाये का द?"

"द. पोट पाह्य ना त्याचं."

"नांदरवाडी," निकिता म्हणाली.

"खाली पिनकोडचे आकडे हायेत." सुकेशनीही आता गुडघ्यावर बसली होती, बाकीचं टपाल विसरून. "चार, एक, पाच. मंग पुसलं. थांबा." तिनं फोन काढला, बोटं चालवली. आम्ही पाच जण तिच्या फोनकडे बघत. "चारशे पंधरात नांदरवाडी एकच हाये."

"नांदरवाडी?" सेवालालनं मोटरसायकलची चावी खिशात टाकली. "अरे, तिथी म्या दोन वरसं तोड केली! पोस्टाच्या समोर पिठाची चक्की हाये. टोळ्या दयनाले तिथंच येतात. चक्कीवाला सगळ्याईले नावानं ओळखते." तो ओट्यावर बसलाच. "म्हंजे मंजूची याडी दयन घेऊन आली असन, डबा दिसला असन, अन् टाकली सगळी."

"पण सगळी काहून टाकली व?" सासूबाईंनी विचारलं. "पोरींनी एक एक टाकाले सांगतलं होतं ना?"

मंजू कार्डं गोळा करत होती. "एक तरी पोचन म्हून," ती म्हणाली, यात विचारण्यासारखं काय आहे अशा आवाजात.

मे महिन्यात त्या अकरा दिवसांतल्या एका दिवशी मी गणेशला एकोणीस मेसेज टाकले होते. एकोणीसमध्ये एकच वाक्य होतं. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला.

बाहेर येऊन पाहिलं तर सेवालाल मंजूचं गाठोडं उचलून आमच्या दारातल्या खुंटीला अडकवत होता. "संध्याकाळी आजीजोळ घेऊन जाजो," तो म्हणाला. "अन् तुह्या याडीले सांगाचं काय? मी तिकडूनच जाईन."

"सांगा का आता एकबी कार्ड नाई राह्यलं तिच्याजोळ," मंजू म्हणाली. "म्हणा, मी धाडते. चक्कीच्या पत्त्यावर."

"बोलणं खावं लागन मले तिचं. लेकरू धराले पोरगी आणतो म्हणलो होतो."

"तुमच्यासंगं काकू हाये ना, ती धरन. ती तं नुसती तंबाखू मळत बसते."

सेवालाल चहा पिता पिता ठसकला. फाट्यावर ट्रकनं दोनदा हॉर्न दिला तेव्हा तो उठला, मंजूच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. मंजूनं मोटरसायकल वळेपर्यंत पाहिलं. मग कंपास उचलून दप्तरात टाकला.

दुपारी दोघी शाळेत गेल्या. उशिरा का होईना. मी पुस्तक घेतलं, अकराव्या प्रकरणाच्या टाचण्या काढल्या आणि ओट्यावरच बसून सोळा पानं वाचली. दवाखान्याच्या फोटोनंतर दुसऱ्याच पानावर तोमास ते पाकीट दिव्याखाली धरतो. दुसऱ्याच पानावर. मी एक पान पुढे गेले असते तर कळलं असतं.

सुकेशनीनं वाशीमहून पोस्टकार्डांचा गठ्ठा मागवून घेतला. आठ मंजूनं नेली. आता प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिनं चंद्र काढलाय, पुनवेच्या कार्डावर भरलेला आणि अमावस्येच्या कार्डावर रिकामा, म्हणजे याडी चुकणार नाही. पाचवं कार्ड तिनं या वेळी बदललं. त्यावर बापूचा हात बरा झाला असं नाही, हाताला मुळात काही झालेलंच नाही.

आठ मी घेतली. त्यावर माझाच पत्ता लिहिला आणि पाकिटात घालून पाकिटावर छप्पन एपीओ. निकिता शेजारी बसून बघत होती.

"मम्मी, पप्पाच्या शिक्क्यात गाव नाई येणार. नंबर येईन नुसता."

"नंबर तर नंबर. आपण मांडून बघू."

"मंग पप्पाले लिही, एक एकच टाका म्हून. नाई तं तेबी सगळे एकदाच टाकतीन."

"लिहिते," मी म्हटलं. पेन हातात होतं, चिठ्ठीवर जागाही होती. पाकीट चिकटवलं. ते वाक्य मी लिहिलं नाही.